व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम मात्र तारखेपुरता

प्रश्न: भाऊ, नमस्कार. आई आणि नाना डिसेंबरच्या सुरुवातीला डॅलसला भावाकडे गेले, वहिनीच्या बाळंतपणासाठी. दोघांचाही व्हिसा दहा वर्षांचा, त्यातली बरीच वर्षं शिल्लक. आखाजीला परत यायचं ठरलं होतं. पण बाळ अशक्त आहे, म्हणून तिकीट पुढे ढकलायला भावाने विमान कंपनीला फोन केला. त्यांनी पासपोर्टची मुदत विचारली आणि आमच्या पायाखालची जमीनच सरकली. नानांचा पासपोर्ट २० मार्चलाच संपलाय. वेबसाइटवर पाहिलं तर त्यांना राहायची परवानगीही त्याच तारखेपर्यंत. आईला मात्र जूनपर्यंत. नानांना झोप नाही. ‘आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही आन् आता गुन्हेगार ठरलो’ म्हणतात. नातेवाईक सांगतात, तिकडून निघताना कोणी तपासत नाही, जूनमध्ये दोघं सोबत या. एक एजंट म्हणतो, नवा पासपोर्ट काढा आणि जुन्याचं नावही काढू नका. काय करावं?
— एक लेक, चोपडा

उत्तर: ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आपण फोनवर बोललो. तरी इथे सविस्तर लिहितो. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात मुलगा नाहीतर लेक अमेरिकेत असलेली घरं आता कमी नाहीत, आणि आई-वडील तिकडे गेले की नेमका हाच घोळ होतो.

आधी नानांना माझा निरोप द्या. मुदतीपेक्षा जास्त राहणं हा तिथल्या कायद्यात नियमभंग आहे, पण तेवढ्यानं माणूस फौजदारी गुन्हेगार ठरत नाही. त्यांनी झोपावं. पण भावाने आता एक दिवसही वाया घालवू नये.

झालं काय, ते समजून घ्या. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात. पण पासपोर्टच त्याआधी संपत असेल, तर अधिकारी बहुतेक वेळा पासपोर्टच्या तारखेवरच थांबतो. नानांचं तेच झालं. दोघं एकाच रांगेत उभे राहिले, एकाच अधिकाऱ्याने शिक्के मारले, म्हणून आईची तारीख तीच नानांची असं घरच्यांनी धरलं. ही नोंद अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. प्रत्येकाची वेगळी बघा, पोहोचल्याच्या आठवड्यातच बघा, छापून ठेवा. पुढे नवा पासपोर्ट हातात आला तरी ही नोंद शोधताना नंबर जुनाच टाकायचा, कारण प्रवेश त्यावर झालाय.

आता नानांनी काय करायचं? नातेवाइकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. अमेरिकेतून निघताना आपल्या मुंबईसारखी इमिग्रेशनची खिडकी नसते, शिक्काही मारत नाहीत. पण विमान कंपनी प्रत्येक प्रवाशाची माहिती सरकारला पाठवते, त्यामुळे नाना कधी निघाले हे तिथे कळतंच. आणि दिवसांचा हिशेब फार कडक आहे. परवानगी संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून निघालं, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा जास्त झालं, तर दहा वर्षं. नानांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंतची सीमा आहे, म्हणून जूनपर्यंत थांबलं तर बंदी लागणार नाही, हेही खरं. तरीही मी थांबा म्हणणार नाही. चूक माहीत नसताना राहिलेले दिवस आणि कळल्यानंतर राहिलेले दिवस, या दोन गोष्टींकडे पुढचा अधिकारी एका नजरेने बघत नाही.

मुदत वाढवण्याचा अर्ज असतो, आय-५३९. तो परवानगी संपायच्या आत गेला असता तर निर्णय लागेपर्यंत नाना निर्धास्त राहिले असते. उशिरा केलेला अर्ज फक्त असाधारण, आपल्या हाताबाहेरच्या कारणासाठी विचारात घेतात. माणूस दवाखान्यात होता, असं काहीतरी. ‘तारीख लक्षात आली नाही’ हे कारण तिथे टिकणं अवघड. तरी भावाने तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा कागद दाखवावेत. इथल्या एजंटाला नव्हे.

संपलेल्या पासपोर्टवर विमानात बसता येत नाही, म्हणून पहिलं काम तेच. डॅलस ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटकडे येतं. तिथे पासपोर्टसाठी अर्ज करा, तत्काळची चौकशी करा. तो लांबत असेल तर कॉन्सुलेट आणीबाणीचा प्रवास-दाखलाही देतं, पण तो फक्त भारतात परतण्यापुरता. वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशात तो चालतो का, हे तिकीट काढायच्या आधी विचारा. जुना पासपोर्ट परत मागून घ्या, टाकू नका. कॉन्सुलेटचा अर्ज, पावत्या, ई-मेल, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. नाना भारतात उतरले की बोर्डिंग पास आणि मुंबईचा शिक्का त्याच फाइलमध्ये. नाना कधी निघाले, याचा पुरावा पुढे तोच.

आईची परवानगी शाबूत आहे. बाळासाठी त्यांनी जूनपर्यंत खुशाल राहावं. नाना एकटे कसे येतील, ही काळजी मला कळते. विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागून घ्या, सोबत माणूस मिळतो.

एक कटू गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नानांचा तो दहा वर्षांचा व्हिसा आता गेला. मुदत एक दिवसानेही ओलांडली तर ज्या व्हिसावर प्रवेश झाला तो आपोआप रद्द होतो, पासपोर्टवर चिकटलेला दिसत असला तरी. नातवाला पुन्हा भेटायचं तर नवा अर्ज करावा लागेल. त्या अर्जात स्पष्ट प्रश्न आहे: तुम्ही कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का? उत्तर ‘हो’ लिहायचं, आणि पुढे चार ओळींत खरी हकीकत. एजंट म्हणतो तसं लपवलंत, तर थोड्या आठवड्यांच्या चुकीचं रूपांतर खोट्या माहितीत होतं, आणि त्याची प्रवेशबंदी जन्मभराची असू शकते. ज्या माणसाने कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याच्या नावावर असं खोटं कुणालाही लिहू देऊ नका, ताई.

प्रश्न: फुकेतला मित्राचा पाय मोडला. त्याच्याजवळ थांबलो आणि मुदतीपेक्षा सहा दिवस जास्त झाले. विमानतळावर ३,००० बाट भरून आलो. आता धंद्याच्या प्रदर्शनासाठी जर्मनीला जायचंय. अडचण येईल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: दादा, मित्राला सोडून आला नाहीत, हे चांगलं केलंत. थायलंडमध्ये दंड दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. स्वतःहून विमानतळावर जाऊन भरला आणि जादा दिवस ९० च्या आत असले, तर प्रवेशबंदी नसते. पोलिसांनी वाटेत पकडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा थोड्या दिवसांसाठीही पाच वर्षांची बंदी आहे. दंडाची पावती आणि मित्राचे दवाखान्याचे कागद जपून ठेवा. कुठल्या देशाच्या अर्जात विचारलं, तर आहे तसं लिहा आणि हे कागद जोडा. पुन्हा असं घडलंच, तर तारीख संपायच्या आत तिथल्या इमिग्रेशन कचेरीत जा. १,९०० बाट शुल्कात मुदतवाढीचा अर्ज होतो.

जर्मनीच्या व्हिसावर मात्र दोन गोष्टी वेगवेगळ्या बघा. कधीपासून कधीपर्यंत ही तारीख एक, आणि त्या काळात राहायचे दिवस दुसरे. तारखा महिनाभराच्या असतील आणि दिवस १५ लिहिले असतील, तर तुमचे १५ च. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही त्यातच धरतात. ५ तारखेला फ्रँकफर्टला उतरलात तर १९ ला बाहेर पडायचं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ही ये-जा संगणकावर, बोटांच्या ठशांसह नोंदवायला सुरुवात झाली आहे. परतीचं तिकीट १७ किंवा १८ चं काढा, म्हणजे विमान रद्द झालं तरी एक-दोन दिवस हाताशी राहतील.