सहकारी रजेवर जातो तेव्हा

तू टीममध्ये नवा आहेस आणि शेजारचा सहकारी लवकरच रजेवर जातोय, म्हणून सांगतो. तो निघायच्या आदल्या संध्याकाळची वाट बघू नकोस, दोन-तीन दिवस आधीच त्याच्यासोबत अर्धा तास बस. कोणतं काम कुठवर आलंय, कोणाच्या उत्तरासाठी थांबलंय आणि कुठला निर्णय तू स्वतः घेऊ शकतोस, हे लिहून घे. यातलं शेवटचं लोक हमखास विसरतात, आणि मग साध्या मंजुरीसाठी सगळं अडून बसतं. लागणाऱ्या फाइली त्याच्यासमोरच उघडून बघ. त्याचा पासवर्ड मात्र घेऊ नकोस, परवानगी तुझ्या नावाने मागून घे.

तो गेल्यावर मेसेज करायचा मोह होईल, तो आवर. रजा हक्काची असते, आणि एका छोट्या प्रश्नानेही माणसाचं डोकं पुन्हा कामात शिरतं. खरंच अडलं तर कोणाला विचारायचं, हे वरिष्ठांशी आधी ठरव. भार फार वाढला तरी गप्प बसू नकोस. कोणतं काम पुढे ढकलायचं ते त्यांनाच विचार. रजा आजारपणाची असेल तर कारण खोदत बसू नकोस.

त्याच्या कामात काही बदललंस की तारीख आणि कारण एका जागी टिपून ठेव. परतल्यावर साचलेले ईमेल उपसण्याआधी त्याला ते पान दे. आणि पहिल्याच सकाळी त्याला मीटिंगला ओढू नका.