पिस्टन-रिंगा बसवायच्या आधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मेसेज वाचला. मारुती एस्टीमचं इंजिन उतरवलंस, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन मागवलेस, उद्यमनगरातून ब्लॉक 74.5 मिमीला बोअर करून (सिलिंडरची भोकं मोठी करून) आणलास आणि आता विचारतोस, "काका, रिंगचा गॅप किती ठेवू?" गॅप म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट, आणि तुला तिचा एक आकडा हवाय. घे: वरची रिंग 0.30 मिमी, दुसरी 0.37. मात्र हा आकडा कुठून आला ते कळल्याशिवाय रिंगेला कानस लावू नकोस. उद्या टर्बो चढवलास तर हाच आकडा इंजिन खाईल.

साध्या, म्हणजे टर्बोविना चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या वरच्या रिंगेसाठी बोअर गुणिले 0.004 धरतात, दुसरीसाठी 0.005. टर्बो असेल तर वरची 0.006च्या आसपास, म्हणजे तुझ्या बोअरला 0.45. कारण निव्वळ उष्णता. 74.5 मिमीच्या रिंगेचा घेर साधारण 234 मिमी. लायनरपेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीपेक्षा, ती 100 अंशांनी जास्त तापली तर जवळजवळ पाव मिलिमीटर लांब होते. तुझा 0.30चा गॅप तेवढ्यात संपत आला. टोकाला टोक भिडलं की रिंगेला वाढायला जागाच उरत नाही. ती लायनरवर दाबते, ओरखडे काढते आणि पिस्टनच्या खाचेवरचा काठ तोडून बाहेर येते. याउलट गॅप एक-दोन शतांश मिलिमीटर जास्त राहिला तर थोडी हवा निसटते, बाकी काही बिघडत नाही. शंका आली तर मोठा ठेव.

दुसऱ्या रिंगेला जास्त गॅप का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, विचारायला हवा होतास. ती रिंग कॉम्प्रेशन धरते असं सगळे समजतात. तिचं मुख्य काम ऑइल खाली ओढणं. वरच्या रिंगेतून निसटलेला गॅस दोन रिंगांच्या मध्ये कोंडला तर तो वरच्या रिंगेला खालून उचलतो आणि जास्त आरपीएमला ती फडफडायला लागते. त्या गॅसला खाली वाट मिळावी म्हणून दुसरीचा गॅप मोठा. कंपनीच्या पिस्टन-रिंगांचा कागद वेगळं सांगत असेल तर अर्थात कागद खरा.

आता मूळ मुद्दा. खोक्यातून निघते ती रिंग हा कच्चा माल समज. फाईल-फिट, म्हणजे घासून मापाला आणायच्या, रिंगा मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, कारण त्या कुठल्या बोअरमध्ये जाणार हे बनवणाऱ्याला माहीत नसतं. बोअर 0.01 मिमीने मोठा झाला की गॅप 0.03ने वाढतो (घेर म्हणजे व्यास गुणिले π, शाळेतलंच). चार बोअरमध्ये दोन शतांशाचा फरक कुठल्याही मशीनवर सहज पडतो. म्हणजे एक नंबरला 0.30 बसलेली रिंग तीन नंबरला 0.36 होईल. घरातले चार स्टीलचे डबे आण, मार्करने 1 ते 4 आकडे टाक आणि ज्या बोअरसाठी घासलीस त्याच डब्यात रिंग ठेव. एकदा डबे ठरले की पिस्टन, रिंगा, पिन, क्लिपा, बेअरिंग सगळं त्याच डब्यात.

घासण्याची रीत अशी. रिंग बोअरमध्ये हाताने ठेव, पिस्टन उलटा धरून तिला साधारण 25 मिमी खाली ढकल, म्हणजे ती वाकडी राहत नाही. फिलर गेजची 0.30ची पाती किंचित घासत गेली पाहिजे आणि 0.33ची अडली पाहिजे. हँडल फिरवायची रिंग-कानस मिळाली तर उत्तम. नसेल तर बारीक दातांची चपटी कानस व्हाइसमध्ये पकड आणि रिंग तिच्यावर ओढ. रिंगेचं एकच टोक घास, दुसरं जसं आलं तसं ठेव, म्हणजे तुलना करायला एक सरळ कडा कायम राहते. ओढताना दिशा नेहमी बाहेरच्या तोंडाकडून आतल्या बाजूला. उलट ओढलीस तर तोंडावरचा मॉलिब्डेनमचा थर कडेला टवका मारून उडतो, आणि तो टवका डोळ्याला दिसण्याआधी लायनरला कळतो. दोन ओढी, मग मोजणी. पुन्हा दोन ओढी. शेवटच्या पाच शतांशांत घाई केली तर नवीन रिंग विकत घ्यावी लागते; ती सुटी मिळत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागतो. टोकं हलक्या हाताने जुळवून उजेडासमोर धर. मधली फट एका बाजूला पाचरीसारखी रुंद दिसली तर कानस तिरकी लागलीय. शेवटी ऑइल स्टोनने कडांचा बर (घासून उरलेली खरखर) काढ, एवढा हलका की अंगठ्याच्या नखाला काही अडकू नये.

पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक तू मोजलीस का? "मशीनवाल्याने पिस्टन बघून बोअर केलंय" हे उत्तर मला नको. मूळ सुझुकीच्या ओतीव पिस्टनला 0.02 ते 0.04 मिमी पुरते. फोर्ज्डमध्ये दोन मिश्रधातू येतात. 4032मध्ये सिलिकॉन 12 टक्क्यांच्या आसपास असतं, तो कमी फुगतो. 2618मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाहीच. तो चिवट, मार सोसणारा, पण तापला की जास्त फुगतो, म्हणून त्याला 0.07-0.08सारखी मोकळीक द्यावी लागते. थंड इंजिनात तो खडखड वाजेल. वाजू दे. पिस्टन कुठे मोजायचा ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं: पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या घेरावर), तळापासून ठरावीक उंचीवर. पिस्टन पिंपासारखा किंचित फुगीर आणि लंबगोल असतो, त्यामुळे जागा चुकली की आकडा चुकला.

आणि कोल्हापूरच्या मे महिन्यात दुपारी मोजू नकोस. पिस्टन ब्लॉकपेक्षा 15 अंश जास्त गरम असेल, म्हणजे दाराशी उन्हात पडला असेल, तर 0.025 मिमी मोठा मोजला जाईल. तुझ्या मोकळिकीचा हा तिसरा हिस्सा. ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर, बोअर गेज रात्रभर एकाच खोलीत ठेव आणि सकाळी चहाच्या आधी मोज. प्रत्येक बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी, वहीत लिहून. होनिंग करताना (बोअर दगडाने घासून शेवटच्या मापाला आणताना) हेडच्या जागी टॉर्क प्लेट, म्हणजे हेडसारखाच ताण देणारी जाड प्लेट, आवळली होती का, हेही विचार. हेडचे बोल्ट आवळले की लायनर थोडा ओढला जातो. प्लेट न लावता गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. प्लेट नव्हती असं उत्तर आलं तर ब्लॉक परत ने. भाडं पडेल पण ते सोस.

धुण्याबद्दल मी हट्टी आहे. होनिंगनंतर बोअरच्या त्या तिरक्या रेघांत दगडाचे कण बसलेले असतात. रॉकेल किंवा पेट्रोल वरचं तेल नेतं, कण तिथेच राहतात. निरमा, कडकडीत पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन प्रत्येक बोअर घास. मग जुन्या धोतराचा पांढरा तुकडा घे, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून बोअर पूस. तुकडा करडा निघेल. पुन्हा धू, पुन्हा पूस. पांढरा तुकडा पांढराच बाहेर येईपर्यंत हे चालू राहील आणि तोवर तुझी कंबर दुखायला लागेल. कॉटन वेस्ट वापरू नकोस, त्याचे धागे सुटतात. धुणं संपल्या संपल्या हवा मारून ऑइलचा हात फिरव. पावसाळी हवेत उघडा लायनर बघता बघता तांबूस पडतो.

पिस्टन रॉडला लावताना गजन पिनच्या क्लिपा नव्याच वापर. एकदा काढलेली क्लिप कचऱ्यात. 75.5 मिमी स्ट्रोकला (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाला) 7500 आरपीएमवर वरच्या टोकाशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीन हजार पट प्रवेग असतो, म्हणजे एका ग्रॅमची क्लिप तीन किलोंनी ओढते. तिचं तोंड वर किंवा खाली ठेव, आडवं नको. बसल्यावर स्क्रू-ड्रायव्हरने खाचेत फिरवून बघ. पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला, आणि व्हॉल्व्हचे मोठे खड्डे इनटेककडे आहेत ना ते डोळ्याने बघ, नुसत्या बाणावर भरवसा ठेवू नकोस.

रिंगा खालून वर चढव. आधी ऑइल रिंगचा जाळीदार एक्स्पांडर. त्याची दोन्ही रंगवलेली टोकं दिसली पाहिजेत. एक रंग झाकला गेला तर टोकं एकमेकांवर चढलीत, इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल पिणार. मग दोन पातळ पट्ट्या, त्या हाताने गुंडाळत चढवल्या तरी चालतात. वरच्या दोन रिंगा मात्र रिंग-चिमट्यानेच. हाताने पिळून चढवलेली रिंग पुन्हा कधी सपाट होत नाही. ठिपका किंवा अक्षर वर. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली ओढायच्या ऐवजी वर चढवते, आणि सायलेन्सरमधून निळा धूर बघून लोक व्हॉल्व्ह सील बदलत बसतात.

कोणता गॅप कुठल्या दिशेला ठेवायचा यावर गॅरेजात तास-तास वाद होतात. एकाखाली एक येऊ देऊ नकोस, एवढं पुरे. रिंगा चालत्या इंजिनात फिरतात, तू ठेवलीस तिथे त्या राहणार नाहीत.

ब्लॉकमध्ये उतरवताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढव, नाहीतर क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) ओरखडा पडेल. बोअरच्या मापाचा निमुळता रिंग कॉम्प्रेसर (रिंगा दाबून धरणारं कडं) घे. तो पत्र्याचा, पट्टा आवळायचा प्रकार फोर्ज्ड पिस्टनच्या पातळ रिंगांना नको. पिस्टनला ऑइलचा पातळ हात, स्कर्टला आणि पिनला व्यवस्थित, रिंगांना न्हाऊ घालायचं नाही. हातोड्याच्या लाकडी दांड्याने, वजन टाकून, सलग ढकल. मध्येच अडलं तर थांब. अडलेली असते ती बहुतेक ऑइल रिंगची पट्टी, कॉम्प्रेसरच्या फटीतून बाहेर आलेली. तिथे एक ठोका जास्त दिलास की पट्टी वाकली. बाहेर काढ, बघ, परत लाव. प्रत्येक पिस्टननंतर क्रँक हाताने एक फेरी फिरव. चारही बसेपर्यंत फिरवायला लागणारा जोर सारखा वाढत जायला हवा. रॉडच्या कॅपचे नंबर जुळव, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलवर सोडून मित्रांना आवाज ऐकवत बसू नकोस. रिंग बोअरवर दाबते ती मुख्यतः ज्वलनाच्या दाबाने, गॅस तिच्या मागे शिरतो म्हणून. स्वतःचा ताण थोडाच असतो. आयडलला तो दाब नाही, आणि लायनर रिंग बसण्याआधीच गुळगुळीत होतो. साधं मिनरल ऑइल भर, सिंथेटिक नंतर. पाणी-ऑइलची गळती बघून पहाटे गाडी पन्हाळ्याच्या चढाला ने. तिसऱ्या गिअरमध्ये 2500वरून 5000पर्यंत दाबून ओढ, मग पाय काढ आणि गिअरमध्येच उतरू दे. असं परत परत. घरी आल्यावर ऑइल-फिल्टर दोन्ही बदल.

थंड झाल्यावर लीक-डाऊन टेस्ट कर, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भर आणि किती टक्के निसटते ते मोज. पाच टक्क्यांच्या आत असेल तर काम छान. दहाच्या वर गेलं तर कान लाव: ऑइल भरायच्या तोंडातून सुसाट हवा येत असेल तर रिंगा, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघ. काळसर बारीक भुकटी लोहचुंबकाला चिकटली तर बहुधा रिंगा बसतानाची आहे, चालेल. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कपचे दिसले तर गाडी तशीच उभी ठेव आणि कपच्यांचा फोटो मला पाठव.

कळावे,
तुझा काका