घरची भाजी: कुठली परवडते, कुठली नाही

बाल्कनीत आणि गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचे हे पाच प्रश्न. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या चारांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न: ठाण्यात चौथ्या मजल्यावर आमची पूर्वेची बाल्कनी आहे. गेल्या वर्षी पिशव्या, माती, खत, रोपं मिळून साडेपाच हजार रुपये गेले. हाती आले सव्वा किलो टोमॅटो आणि सात वांगी. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशांत दोन महिन्यांची भाजी आली असती. हा खटाटोप करावा का?

टोमॅटो-वांग्यांसाठी करू नका. पालेभाजीसाठी जरूर करा.

सासूबाईंचा हिशेब बरोबर आहे, पण चूक तुमच्या हाताची नाही, पिकाच्या निवडीची आहे. पूर्वेच्या बाल्कनीत ऊन साडेदहा-अकरापर्यंत टिकतं, म्हणजे जेमतेम चार तास. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी अशा फळणाऱ्या भाजीला सहा तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही की झाड उंच आणि लुकडं वाढतं, फुलं येतात आणि गळून जातात. बरं, सगळं जमून आलं तरी बारा इंची पिशवीतलं टोमॅटोचं झाड तीन महिन्यांत दीड-दोन किलो देणार. 2023च्या जुलैसारखा भाव शंभरीपार गेला तर गोष्ट वेगळी. एरवी तेवढा माल बाजारात किती स्वस्त मिळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कोबी-फ्लॉवरचा तर विचारच नको. कोबी अडीच-तीन महिने कुंडी अडवून बसतो आणि देतो एकच गड्डा.

घरी परवडतं ते असं, जे लागतं थोडं पण आणावं लागतं जुडीभर. पुदिना घ्या. चटणीला मूठभर लागतो, उरलेली जुडी फ्रिजमध्ये काळी पडते. त्याच जुडीतल्या जाड काड्यांची खालची पानं काढून त्या पेल्यात पाण्यात उभ्या करा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटली की पसरट कुंडीत लावा. पुदिन्याला चार तास ऊन पुरतं. मायाळूची काडी तशीच थेट मातीत लागते.

वडीचं आळू तर अशा बाल्कनीसाठीच आहे. जुन्या पंधरा-वीस लिटरच्या बादलीला बुडाशी दोनच भोकं पाडा, निम्मं शेणखत घाला, दोन-तीन कंद लावा आणि माती कायम ओली ठेवा. कंद मात्र ज्यांच्या घरी त्या पानांच्या वड्या होतात त्यांच्याकडूनच घ्या. शोभेचं आळू दिसायला तसंच असतं, पण खाल्लं की घशाला खाज सुटते.

आता मेथी. दोन फूट बाय एक फूट, सहा इंच खोल असे तीन ट्रे घ्या. एका ट्रेला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 25 ग्रॅम मेथ्या पुरतात. त्या रात्रभर भिजवा, दाण्यात बोटाच्या रुंदीपेक्षा थोडं कमी अंतर राहील अशा पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसतो आणि 25 ते 28 दिवसांत बाजारातल्या भरगच्च जुडीएवढी मेथी निघते. तिन्ही ट्रे एकदम पेरू नका, दहा-दहा दिवसांनी पेरा. एकदम पेरले की एका आठवड्यात तीन जुड्या आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असं होतं.

मेथी बिघडते ती बहुधा दाट पेरणीने आणि संध्याकाळच्या पाण्याने. रोपं बुडाशी सुतासारखी बारीक होतात आणि आडवी पडतात. ती बुरशी आहे, खताची कमतरता नव्हे. खत वाढवलंत तर आणखी रोपं जातील. विरळ पेरा, पाणी सकाळी द्या. जुलै-ऑगस्टच्या झडीत मेथी सोडून द्या आणि माठ, आळू, मायाळू घ्या.

साडेपाच हजारांपैकी बराचसा खर्च पिशव्या आणि मातीचा होता, तो दरवर्षी नाही. पीक निघालं की माती पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, मुळं वेचा, चार भाग मातीला एक भाग गांडूळखत आणि पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळा, की ती पुन्हा तयार. रोजचा वेळ पंधरा मिनिटं धरा. चार दिवस गावाला गेलात तर पाणी कोण घालणार, हे मात्र आधीच ठरवा. एप्रिल-मे महिन्यात दोन दिवसांचा खाडाही पालेभाजीला सोसत नाही.

प्रश्न: स्वयंपाकघरातले धणे तीनदा पेरले, कोथिंबीर उगवतच नाही. (नागपूर)

तीन कारणं संभवतात. धणे जुने असतील. अख्खेच पेरले असतील: एका धण्यात दोन बिया असतात, त्यामुळे पोळपाटावर हलक्या हाताने लाटणं फिरवून त्याची दोन दलं करावी लागतात. जोर लावून आतला दाणा चिरडू नका. तिसरं कारण उन्हाळा. नागपूरच्या मे महिन्यात कोथिंबीर उगवली तरी पाला धरण्याआधी फुलावर जाते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. दलं बारा तास भिजवा, अर्धा इंच खोल पेरा आणि आठ ते बारा दिवस वाट पाहा. पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका, कोवळा अंकुर तिथेच मोडतो.

प्रश्न: मिरचीची पानं आकसून गोळा होतात. निमतेल मारूनही फरक नाही. (सोलापूर)

याला सगळे बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतात, पण नाव एक असलं तरी कारणं तीन आहेत आणि औषध प्रत्येकाचं वेगळं. आधी पान नीट पाहा.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर ते फुलकिडे. शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि शेंड्यावर टिचकी मारा; कागदावर तिळाहूनही बारीक, लांबट, पिवळसर किडे पळताना दिसतील. यावर 1500 पीपीएमचं (कीड मारणाऱ्या घटकाचं हे प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं) निमतेल लिटर पाण्याला 5 मिलि, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे चार-पाच थेंब घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. एका फवाऱ्याने भागत नाही. आठवड्याच्या अंतराने तीनदा करावं लागतं आणि बरेचजण इथेच थांबतात.

कडा खाली वळल्या असतील, पानाचा देठ लांबला असेल आणि पान खालून तांबूस, चिवट लागत असेल तर तो कोळी. तो कीटकच नव्हे, आठ पायांचा जीव आहे. निमतेलाने तो म्हणावा तसा आटोक्यात येत नाही. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन सकाळी लवकर फवारा. दोन गोष्टी सांभाळा. तापमान 35 अंशांवर असताना गंधकाने पानं करपतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते सहज होतं. शिवाय निमतेल आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर हवं. तयार मिरच्या आधी तोडून घ्या, मग फवारा.

पानं बारीक, पिवळसर, एकावर एक गुच्छासारखी आणि झाड खुरटलेलं, असं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारची झाडं वाचतील. हे करायला जीव होत नाही हे खरं, पण तेच एक झाड पुढे टोमॅटोही घेऊन जातं.

प्रश्न: पाचव्या मजल्याच्या गच्चीवर दुधी लावला. फुलं भरपूर, पण बोटाएवढे दुधी होऊन पिवळे पडतात. (पुणे)

परागीकरण होत नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीचे पतंग त्याचं काम करतात. एवढ्या उंचीवर ते फारसे येत नाहीत. म्हणून ते तुम्ही करा. संध्याकाळी सहा-साडेसातच्या दरम्यान ताजं उमललेलं नरफूल देठासकट खुडा, पाकळ्या काढा आणि मधला परागदांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादीफूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलासा दुधी असतो. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं होतात. काम झालं असेल तर तीन-चार दिवसांत दुधी जाड होऊन देठ खाली वाकतो. दोडक्याचंही संध्याकाळीच करा, कारल्याचं मात्र सकाळी लवकर.

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस नुसती नरफुलं येतात, तेव्हा घाबरू नका. मुख्य वेलीला सात-आठ पानं झाली की शेंडा खुडा; दुधीची मादीफुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त धरतात. वेलाला निदान 40 लिटर माती हवी, आणि एका कुंडीत एकच वेल.

प्रश्न: गच्चीवर विटांचे वाफे करून एक फूट माती भरायची आहे. सोसायटीची हरकत आहे. (कल्याण)

हरकत रास्त आहे. माणसं वावरतात अशा गच्चीसाठी भारतीय मानक 875 नुसार चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो भार धरतात. एक फूट ओली माती त्याच जागेत पाचशे किलोंच्या आसपास जाते, विटांचं वजन वेगळं. स्थापत्य अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय हे करू नका.

त्याऐवजी सुट्या पिशव्या घ्या आणि भराव हलका करा: एक भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून सुमारे 70 लिटर होते. ती दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्या, नाहीतर त्यातल्या क्षाराने रोपांच्या पानांच्या कडा जळतात. अशी वीस लिटरची पिशवी ओली असताना वीस-बावीस किलो भरते, नुसत्या मातीची पस्तीसपर्यंत जाते. नुसती काळी माती तर नकोच. ती भिजली की चिकटते आणि सुकली की तडकते, मग पाणी फटींतून थेट खाली निघून जातं. रसवंतीवरची उसाची चिपाडं तुकडे करून पिशवीच्या तळाशी चार इंच घातलीत तर वजन आणखी कमी होतं. ती कुजतात तशी पातळी खचते, तेव्हा दर दोन महिन्यांनी वर भर घाला.

पिशव्या गच्चीच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई आणि खांब आहेत त्या रेषेवर मांडा, कठड्यावर मात्र कधीच नको. जमिनीपासून चार इंच वर लोखंडी घडवंचीवर ठेवल्या की खालून झाडता येतं आणि पाणी साचत नाही. गळती सुरू होते ती बहुतेक वेळा साचलेल्या पाण्याने आणि पिशवीखालून वॉटरप्रूफिंगच्या सांध्यात शिरलेल्या मुळांनी. पावसाआधी आणि पाऊस संपल्यावर प्रत्येक पिशवी उचलून बूड पाहा. बाहेर आलेलं मूळ दिसलं की लगेच कापा, आणि गच्चीची पाणी जाण्याची जाळी दर रविवारी मोकळी करा.