पदवी की लायसन्स?

प्रश्न : मुलीला पायलट व्हायचंय. बीएस्सी एव्हिएशनची फी वसूल होईल का? – एक पालक, डोंबिवली

उत्तर : कमर्शियल पायलट लायसन्सला पदवी लागत नाही. बारावी, मेडिकल, डीजीसीएचे (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) पेपर आणि किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. कॉलेजच्या फीमध्ये हे तास धरलेत का, ते आधी लेखी घ्या. खरा खर्च तिथेच आहे. टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे, लाखो रुपये वेगळे. पैसे भरण्यापूर्वी क्लास 2 (प्राथमिक), मग क्लास 1 (कमर्शियल लायसन्ससाठीची) मेडिकल कराच. रंगांधळेपणा निघाला तर सगळंच अडतं. फ्लाइंग स्कूलमध्ये उडती विमानं आणि इन्स्ट्रक्टर किती, हे तिथल्या मुलांना विचारा. विमान दुरुस्तीला गेलं की तास रखडतात, हॉस्टेलचं बिल मात्र चढतच राहतं. म्हणून एकरकमी फी नको. हप्ते पूर्ण झालेल्या तासांशी बांधून घ्या.