वाचक विचारतात : शिखरं पाहून आपली जागा कशी ठरते?

प्रश्न : १९३७ साली ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टनच्या तुकडीने काराकोरममधल्या शक्सगाम भागाचा नकाशा केला. तेव्हा जीपीएस नव्हतं. मग अनोळखी दरीत आपण कुठे आहोत, हे कसं कळायचं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : के-२सारखी शिखरं आधीच्या सर्वेक्षणात दुरून कोन मोजून पक्की झाली होती. ती प्लेन टेबलच्या, म्हणजे तिपाईवरच्या नकाशा-फळीच्या, कागदावर मांडूनच मोजणीदार निघतो. या तुकडीत ते काम मायकेल स्पेंडरचं होतं.

फळी समपातळीत लावून होकायंत्राने ढोबळ दिशा जुळवायची. बर्फकुऱ्हाड लांब ठेवायची, नाहीतर सुई भरकटते. कागदावरच्या शिखराला नेम धरायच्या पट्टीची म्हणजे अ‍ॅलिडेडची कड टेकवून खऱ्या शिखरावर नेम धरायचा आणि रेघ आपल्याकडे ओढायची. अशा तीन रेघा. फळी जराशी फिरलेली असली की त्या एका बिंदूत न मिळता छोटा त्रिकोण करतात. आपण तीन शिखरांच्या मधे असू तर खरी जागा या त्रिकोणाच्या आत. बाहेर असू तर बाहेर, तिन्ही रेघांच्या एकाच हाताला. जितकं शिखर लांब, तितकी त्याची रेघ जागेपासून लांब. अंदाजाने टिंब द्यायचं, सर्वांत लांबच्या शिखरावर फळी पुन्हा जुळवायची आणि त्रिकोण मिटेपर्यंत हेच.

त्रिकोण मिटला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. तीन शिखरं आणि आपण एकाच वर्तुळावर आलो, तर फळी चुकीची असूनही रेघा एका बिंदूत मिळतात! म्हणून मधलं शिखर जवळचं घ्यावं आणि चौथ्यावर पडताळा करावा.

आपल्या जागेच्या उंचीसाठी क्लिनोमीटर या कोनमापकाने शिखराचा उभा कोन घेतात. पृथ्वीची वक्रता आणि प्रकाशाचं वक्रीभवन धरून ३० किलोमीटरवरच्या शिखराला सुमारे ६० मीटरची दुरुस्ती लागते. ती विसरली की आपली उंची तेवढी जास्त येते.

खरा घात होतो तो ओळख चुकल्याने. दुसऱ्या दरीतून तेच शिखर वेगळंच दिसतं, म्हणून प्रत्येक रेघेशेजारी शिखराचं रेखाचित्र हवंच.

प्रश्न : आता उपग्रह असताना हे कशाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रोजच्या कामाला नको. पण २००० साली अवकाशयानातून जमिनीची उंची टिपणाऱ्या एसआरटीएम रडार मोजणीत उभ्या कड्यांमागे सावली पडून आकडेच मिळाले नाहीत. पुढे ती भोकं आजूबाजूच्या उंचीवरून किंवा दुसऱ्या स्रोतांतून भरली गेली. म्हणून नकाशावर अरुंद घळीत गुळगुळीत समोच्च रेषा दिसल्या, तर दोर बांधण्याआधी उपग्रहाचं छायाचित्र ताडून पाहा.