‘बिकिनी’तला ‘बि’ म्हणजे दोन नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘बिकिनी’ या शब्दातला ‘बि’ हा ‘दोन’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे का, एका तुकड्याच्या पोशाखाला ‘मोनोकिनी’ म्हणतात ते त्याच हिशेबाने का, आणि मराठीत हा शब्द ‘बिकिनी’ असा लिहावा की ‘बिकीनी’?

पहिल्या भागाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. तो पोशाख कसा असतो हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. मात्र या शब्दाच्या ढिसाळ वापराचा मला मनापासून राग येतो. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ या मराठी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर ‘बिकिनीत’ दिसल्या होत्या, हे विधान कोणी ना कोणी पुन्हा पुन्हा छापत असते. त्यांनी घातला होता तो पोहण्याचा पोशाख, आणि त्या काळात तेवढे धाडससुद्धा थोडे नव्हते. पण या अर्थाचा ‘बिकिनी’ हा शब्द १९३८ साली पृथ्वीच्या पाठीवर कोणत्याही भाषेत नव्हता. सिसिलीतील पियात्सा आर्मेरिना गावाजवळच्या रोमन वाड्यात चौथ्या शतकातील एक कुट्टिमचित्र, म्हणजे रंगीत तुकडे जडवून जमिनीवर केलेले चित्र, आहे. त्यातील तरुणींनाही सर्रास ‘बिकिनी मुली’ म्हणतात. वास्तविक त्या पोहत नसून हातात वजने, चेंडू आणि थाळी घेऊन व्यायाम व खेळ करत आहेत.

या अर्थाने शब्द जन्मला तो १९४६ च्या जुलैमध्ये. १ जुलै रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनी या कंकणद्वीपावर (मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या बेटांवर), नांगरून ठेवलेल्या जहाजांच्या ताफ्यावर अणुबाँब टाकून पाहिला. चारच दिवसांनी, ५ जुलैला, पॅरिसमधील मोलितोर जलतरण तलावावर लुई रेआर याने आपला नवा पोशाख लोकांपुढे आणला. रेआर मुळात मोटारींचा अभियंता होता आणि आईचा अंतर्वस्त्रांचा व्यवसाय सांभाळत होता. पोशाख घालून दाखवला तो मिशलिन बेर्नार्दिनी या एकोणीस वर्षांच्या नर्तकीने, आणि त्या कापडावर वर्तमानपत्राच्या मजकुराची छपाई होती.

आता ‘दोन’चा विचार करा. दोन तुकड्यांचे पोशाख त्याआधी निदान दहा वर्षे समुद्रकिनाऱ्यांवर वापरात होते आणि फ्रेंचमध्ये त्यांना ‘दोन तुकडे’ अशाच अर्थाचे साधे नाव होते. रेआरने नवे केले ते एवढेच की, तोवर झाकली जाणारी नाभी त्याने उघडी ठेवली. म्हणजे ‘दोन’ हे त्या पोशाखाचे वेगळेपण नव्हतेच. मग त्यावरून नवे नाव कशाला पडेल?

नावाचे कारण बहुतेक कोशकार ‘बघणाऱ्यावर होणारा स्फोटक परिणाम’ असे देतात. माझ्या मते हे स्पष्टीकरण अर्धवट आहे, कारण ते देणारे रेआरचा प्रतिस्पर्धी जाक हाइम याला विसरतात. हाइमने त्याच उन्हाळ्यात आपल्या आखूड पोशाखाला ‘आतोम’, म्हणजे अणू, असे नाव दिले होते. अणू म्हणजे ज्याहून लहान काही नाही असा कण. स्पर्धा होती ती लहानपणाची, आणि अणू फोडण्याची जागा म्हणून ज्या बेटाचे नाव त्या आठवड्यात गाजत होते तेच रेआरने उचलले. स्फोटाची कल्पना त्यात नव्हती असे मी म्हणत नाही. पण आधी अणूचे लहानपण आणि मग धमाका, हा क्रम कोशात यायला हवा.

ज्या व्युत्पत्तीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती यापुढे आहे. ‘बिकिनी’ हे मूळ नाव नव्हे. मार्शली भाषेतील रूप ‘पिकिन्नी’ असे आहे : ‘पिक’ म्हणजे पृष्ठभाग आणि ‘नी’ म्हणजे नारळ. मार्शली भाषेत आपल्यासारखा प आणि ब असा भेद नाही. जर्मन राजवटीत ते नाव कागदावर उतरले तेव्हा प चा ब झाला. नारळांनी भरलेली भूमी, एवढाच त्याचा अर्थ. राजापूर तालुक्यात माडबन नावाचे गाव आहे, तसलेच हे नाव. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची जागा याच माडबनात आहे, हे लक्षात आले त्या दिवशी मी कितीतरी वेळ नकाशा उघडा ठेवून बसलो होतो.

त्या ‘नी’चा गोतावळा फार मोठा आहे. हवाई आणि सामोआ येथे नारळाला ‘निऊ’ म्हणतात, मलय भाषेत ‘ञ्यूर’, आणि थेट आफ्रिकेजवळच्या मादागास्करमध्ये ‘वुआनिऊ’, ज्यात ‘वुआ’ म्हणजे फळ. मलयात शेवटचा र टिकला, पॅसिफिककडे जाताना तो झिजला. आपल्या ‘नारिकेल’मधला, म्हणजे पर्यायाने ‘नारळ’मधला ‘नार’ या ‘ञ्यूर’शी जोडणारे एक मत आहे, आणि मी त्या मताचा आहे. विरुद्ध पक्ष कन्नड-तमिळमधील ‘नार’, म्हणजे तंतू, याकडे बोट दाखवतो. त्यांना माझा सरळ प्रश्न आहे : फळाला तंतूवरून नाव पडले असेल, तर ज्यांच्या भाषेतला तो तंतू आहे त्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात ‘तेंगु’ आणि ‘तेंगाय्’ का असते? ‘नार’वाले रूप संस्कृताच्या अंगाने येते आणि घरचा शब्द निराळाच राहतो, याचे उत्तर मला आजवर समाधानकारक मिळालेले नाही. ‘केल’ कुठून आला हे कोडे माझ्या बाजूलाही आहे, हे मान्य करतो; पण समुद्रावरून तरंगत आणि नावांतून प्रवास करत गेलेल्या फळाचे नाव समुद्रावरच शोधावे, हे मला अधिक सयुक्तिक वाटते. तसे असेल तर ‘बिकिनी’तला ‘नी’ आणि ‘नारळ’मधला ‘नार’ हे एकाच घरातले निघतात.

आता ‘मोनोकिनी’. १९६४ साली रूडी गर्नरीख या अमेरिकेतील वेशकाराने वरचा भाग काढून टाकलेला पोशाख आणला, ‘बि’ म्हणजे लॅटिन ‘दोन’ असे धरले आणि त्याच्या जागी ‘एक’ या अर्थाचा ‘मोनो’ बसवला. मूळ शब्दाचा सांधा ‘पिक’ आणि ‘नी’ यांच्यामध्ये होता. नवी कात्री ‘पि’नंतर चालली आणि ‘पिक’चे दोन तुकडे झाले. अशाने ‘किनी’ नावाचा, मूळ शब्दात स्वतःचा काही अर्थ नसलेला एक प्रत्यय तयार झाला. हॅम्बर्ग शहराच्या नावातून ‘बर्गर’ सुटा झाला आणि मग वाटेल त्याला जोडला गेला, तोच हा प्रकार. पुढे बिनबाह्यांच्या बनियनसारखा वरचा भाग असलेली ‘टँकिनी’ आली आणि २००४ साली ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी यांनी डोक्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारी ‘बुर्किनी’ तयार केली. ज्या शब्दाची ओळख उघड्या नाभीने झाली, त्याच्या शेपटाचा अर्थ आता नुसता ‘पोहण्याचा पोशाख’ एवढा उरला आहे. भाषेत अशी लोकव्युत्पत्ती चालतेच, आणि ‘मोनोकिनी’ हा शब्द चुकीचा म्हणून टाकून द्या असे मी म्हणणार नाही. ‘बि म्हणजे दोन’ हे मात्र शिकवू नका.

बेटाचे काय झाले, तेही शब्दाच्या नोंदीत असायला हवे. १९४६ च्या मार्चमध्ये तेथील १६७ माणसांना ‘मानवजातीच्या भल्यासाठी’ असे सांगून रोंगेरिक बेटावर हलवले गेले, आणि तिथे पुढे त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली. १९५८ पर्यंत बिकिनीवर २३ अण्वस्त्र-चाचण्या झाल्या. १९५४ ची ‘ब्राव्हो’ त्यांत सर्वांत मोठी, १५ मेगाटनांची. काही कुटुंबे १९७० च्या दशकात परतली आणि १९७८ साली त्यांना पुन्हा उठवावे लागले. कारण नारळ. किरणोत्सारी सीझियम रासायनिक दृष्ट्या पोटॅशियमसारखे असल्यामुळे माडाची मुळे ते जमिनीतून शोषून घेतात आणि ते खोबऱ्यात व पाण्यात उतरते. ज्या भूमीचे नावच नारळावरून पडले, तिथला नारळ रोजच्या जेवणात धोक्याचा ठरला.

लेखनाचे विचारले होते. गरीब–गरिबी, वकील–वकिली हे जसे, तसेच इथे : शेवटचे अक्षर दीर्घ, म्हणून त्याच्या आधीचे ऱ्हस्व. ‘बिकिनी’ हेच लिहावे, आणि १९४६ च्या आधीच्या कोणत्याही पोशाखाला ‘पोहण्याचा पोशाख’ म्हणावे.