जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडली, पण माझाच फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणतो. मी ॲडमिन असूनही असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना लॅपटॉप बंद पडला, त्यातली डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि नव्या विंडोज कॉम्प्युटरला जोडली. डिस्क दिसते, पण ‘यूझर्स’मधल्या तुमच्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नसल्याची खिडकी येते. ‘कंटिन्यू’ दाबलं तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकते आणि मध्येच अडकते. खात्याचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच आहेत. कुणीतरी सल्ला दिलाय की सरळ अख्ख्या डिस्कवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’, म्हणजे कुणालाही काहीही करायची मुभा, देऊन टाका.

तो सल्ला तूर्त राहू द्या. त्या फोल्डरच्या परवानग्यांशी तुम्हाला काही देणंघेणं नाही, तुम्हाला आतल्या फाइल्स हव्यात. परवानग्यांना हात न लावता त्या बाहेर काढता येतात. कसं ते सांगतो, पण आधी कारण, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम प्रत्येक फाइलबद्दल दोन गोष्टी नोंदवते: मालक कोण, आणि कुणाला काय करायची मुभा आहे. या नोंदीत नावं नसतात, लांबलचक क्रमांक असतात. तुमच्या खात्याचा क्रमांक ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो, पुढचे तीन मोठे आकडे त्या विशिष्ट विंडोजचे आणि शेवटचा, १००१ वगैरे, तुमच्या खात्याचा. नव्या कॉम्प्युटरवरचं विंडोज वेगळं, म्हणून मधले आकडे वेगळे. नाव आणि पासवर्ड सारखे ठेवून काही फरक पडत नाही, विंडोजच्या लेखी ही दोन निराळी माणसं आहेत. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे आकड्यांची माळ दिसली तर घाबरू नका, ते जुन्या लॅपटॉपवरचे तुम्हीच.

मग ॲडमिन असण्याचा उपयोग काय? ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ या गटाचा क्रमांक प्रत्येक विंडोजवर एकच असतो, एस-१-५-३२-५४४, आणि जुन्या यूझर फोल्डरवर या गटाला सहसा पूर्ण मुभा असतेच. पण २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून विंडोज तुमचे ॲडमिनचे अधिकार रोजच्या वापरात झाकून ठेवतं. फाइल एक्सप्लोरर उघडता तेव्हा तुम्ही साधे वापरकर्ते असता. ‘कंटिन्यू’ दाबलं की एक्सप्लोरर तेवढ्यापुरता अधिकार वापरून दार उघडतो असं वाटतं, पण तसं होत नाही. तो तुमचं नवं खातं त्या फोल्डरच्या यादीत कायमचं लिहून टाकतो आणि ती नोंद आतल्या फाइल्सवर एकेक करत उतरवत जातो. हिरवी पट्टी सरकत असते ती यासाठी. वाटेत ॲडमिन गटालाही मुभा नसलेला एखादा फोल्डर भेटला की गाडी अडते. डिस्क जुनी आणि कुरकुरणारी असेल तर तिच्यावर हे लाखभर बारीक लिखाण करून घेणं मला तरी पटत नाही.

आता उपाय. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड आधीपासूनच असते, काही डाउनलोड करावं लागत नाही. आधी रोबोकॉपी, मग जुन्या फोल्डरचा पत्ता, मग नव्या डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला. त्यानंतर हे पाच स्विच, म्हणजे कमांडने कसं वागायचं ते सांगणारी अक्षरं, प्रत्येकाआधी तिरकी रेघ: ई, बी, एक्सजे, आर कोलन १, डब्ल्यू कोलन १ (/E /B /XJ /R:1 /W:1).

‘ई’ने आतले सगळे फोल्डर येतात. खरं काम ‘बी’चं, म्हणजे बॅकअप मोड. बॅकअप घेणाऱ्याला प्रत्येक फाइलवर वेगळी परवानगी लागू नये म्हणून ॲडमिनकडे एक खास अधिकार असतो, तो वापरून रोबोकॉपी परवानग्यांची यादी न बघता फाइल वाचते. जुन्या डिस्कवर परवानगीचं एक अक्षरही बदलत नाही. शेवटचे दोन विसरू नका: नाहीतर न वाचता येणाऱ्या एकेका फाइलसाठी रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर दोन प्रयत्नांत तीस सेकंद थांबून.

‘एक्सजे’बद्दल थोडं सविस्तर, कारण इथे खूप जण फसतात. तुमच्या फोल्डरमध्ये ‘ॲप्लिकेशन डेटा’, ‘माय म्युझिक’ किंवा डिस्कच्या मुळाशी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ अशी नावं दिसतील, आणि ती कुणालाच उघडत नाहीत. हे खरे फोल्डर नाहीतच. विंडोज एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रॅम्सना नवी जागा दाखवायला ठेवलेले ते जोड-दुवे आहेत, त्यांत डोकवायला ‘एव्हरीवन’ला मुद्दाम मनाई असते. त्यांची ‘परवानगी दुरुस्त’ करत बसू नका. त्यांच्यात पत्ता लिहिलेला असतो तो सी ड्राइव्हचा. म्हणजे मनाई काढून आत गेलात तर जुन्या डिस्कवर नाही, नव्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर पोचाल. शिवाय ‘लोकल’ फोल्डरमधला असा एक दुवा ‘लोकल’कडेच बोट दाखवतो, त्यामुळे कॉपी गोल गोल फिरत राहते. एक्सजे हे सगळे दुवे वगळतो.

कॉपी झालेल्या फाइल्सवर नव्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप लागतात, म्हणजे त्या तुमच्या होतात. फक्त ‘कॉपीऑल’ किंवा ‘सेक’ हे स्विच कुणी सुचवले तर लावू नका, त्यांनी जुन्या परवानग्याही सोबत येतात आणि तुम्ही पुन्हा जिथे होता तिथेच.

डिस्क पुढेही रोज वापरायची असेल तरच मालकी बदला. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ‘ओनर’समोर ‘चेंज’ आहे, तिथे तुमचं खातं द्या आणि खालच्या ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ला टिक करा. सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा आणि मग यादीत स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. दोन पायऱ्या वेगळ्या आहेत: मालकाला यादी बदलायचा हक्क मिळतो, फाइल वाचायचा नव्हे. पुष्कळ जण पहिली पायरी करून ‘तरीही उघडत नाही’ म्हणतात ते यामुळेच. हे फक्त तुमच्या माहितीच्या फोल्डरवर करा. विंडोज फोल्डरचा मालक बहुधा ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’, म्हणजे विंडोजचीच एक अंतर्गत सेवा, असतो, त्याला तिथे सुखाने नांदू द्या.

‘एव्हरीवन’चा सल्ला मला आवडत नाही तो सवयीमुळे. यूएसबीच्या डिस्कवर फार काही बिघडणार नाही, पण तोच माणूस पुढच्या अडचणीला चालू सी ड्राइव्हवर तेच करतो, आणि तिथे मूळ परवानग्या परत आणणारं एका क्लिकचं बटण नाही. त्याहून वाईट म्हणजे चुकून ‘डिनाय’च्या रकान्यात टिक करणं. ‘एव्हरीवन’मध्ये तुम्हीही येता, आणि एकाच पातळीवर मनाई मुभेच्या आधी तपासली जाते.

काही गोष्टी परवानगीसारख्या दिसतात, पण नसतात. डिस्क जोडताच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ते बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क किल्लीने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, आहे, ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का पाहा. फाइलच्या चिन्हावर छोटं कुलूप असेल तर ती फाइल जुन्या खात्याच्या सर्टिफिकेटने एन्क्रिप्ट केलेली आहे, मालकी कितीही बदला, ती उघडणार नाही. वनड्राइव्ह फोल्डरमधल्या काही फाइल्सचं नुसतं नाव डिस्कवर असतं आणि मजकूर क्लाउडवर, त्या तिथूनच उतरवाव्या लागतील. आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘रीड-ओन्ली’चा भरलेला चौकोन? तो प्रत्येक फोल्डरवर तसाच दिसतो. काढला तरी परत येतो, त्याचा इथे काहीही संबंध नाही.

लिनक्सबद्दल विचारलं नाहीत, पण घरात लाइव्ह यूएसबी, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेन ड्राइव्ह, असेल तर तिच्यावरून बूट करून डिस्क उघडा. लिनक्स सहसा एनटीएफएसच्या परवानग्या विचारातच घेत नाही, सगळं थेट वाचता येतं. अर्थात, तुमची डिस्क ज्याच्या हातात पडेल त्यालाही तसंच वाचता येतं. ते रोखायचं काम एन्क्रिप्शनचं, परवानग्यांचं नाही.

रोबोकॉपी संपल्यावर शेवटी एक तक्ता छापते. त्यातल्या ‘फेल्ड’ रकान्यात शून्य नसेल तर वर स्क्रोल करून कुठल्या फाइल्स राहिल्या ते बघा. तात्पुरत्या फाइल्स असतील तर सोडून द्या. फोटो असतील तर डिस्कवर खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे भाग, असण्याची शक्यता आहे, मग ती डिस्क अजून ताणू नका. ब्राउझरचा फोल्डर कॉपी केला तरी त्यात साठवलेले पासवर्ड बहुधा उघडणार नाहीत, ते जुन्या खात्याच्या किल्लीने बांधलेले असतात. सिंक चालू असेल तर ब्राउझरमध्ये लॉगिन करून ते परत मिळतील.